तांदूळ आधी

आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. भांडण नसतं, पण रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, आत कुणीतरी कुणाचा तरी गळा धरलाय. "मीठ दे" एवढं वाक्यसुद्धा आम्ही अशा आवाजात म्हणतो की शेजारच्या घरातून मीठ यावं. याचं कारण बाबा. भिसेगावात आमची पिठाची गिरणी आहे आणि बाबा, म्हणजे येसाजी गिरणीवाले, अठ्ठावीस वर्षं तिच्या शेजारी उभे आहेत. संध्याकाळी गिरणी बंद करून घरी येतात तेव्हा त्यांच्या कानात ती चालूच असते. मग जेवताना, झोपताना, देवाला दिवा लावताना सगळं ओरडून. मला कॉलेजात मॅडमनी एकदा विचारलं, "रिया, तू रागावून का बोलतेस?" मी रागावले नव्हते. म्हणजे तेव्हा नव्हते. एरवी मला राग यायला फार वेळ लागत नाही हे खरं आहे.

गणपती गेले त्या आठवड्यात बाबांनी चिंधीआजीची नाचणी दुसऱ्याच्या ज्वारीत दळून टाकली. आजी दारात उभी राहून तीन वेळा "माझी नाचणी हाय, नाचणी" म्हणाली होती. बाबांनी तीनही वेळा मान हलवली होती. ऐकू आलं नाही की बाबा मान हलवतात, ही त्यांची जुनी सवय आहे आणि सगळ्या भिसेगावाला ती माहीत आहे. पण आजीच्या पोटाला नाचणीशिवाय काही चालत नाही, आणि ती गुपचूप डबा घेऊन गेली, हे बाबांना जास्त लागलं.

आईनं त्यांना पनवेलला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सोबत होते, कारण डॉक्टरांचं बोलणं बाबांच्या कानात ओरडायला कुणीतरी हवं होतं. बाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, उजवीकडे घसरत गेलेली. म्हणाल्या, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखता येईल. रोज दहा तास आवाजात राहिलात की कान सुन्न होतात, संध्याकाळपर्यंत सुन्नच राहतात, आणि रोज थोडं थोडं कायमचं जातं. एक तर कानावर झाकणं घाला, नाहीतर काम सोडा."

झाकणं आणली. हेडफोनसारखी, पण जाडजूड, पिवळी. बाबांनी ती दोन दिवस घातली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हाका मारून दमलं आणि मागून येऊन त्यांच्या खांद्यावर थाप मारली. बाबा दचकून पुढे झुकले आणि त्यांचा हात फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर थांबला. हे आईनं दारातून पाहिलं. तिच्या हातात चहाचा पेला होता. त्यातला निम्मा तिच्या पायावर सांडला आणि तिला कळलंही नाही.

"झाकणं घातली तर हात जाईल आन नाय घातली तर कान," आई त्या दिवशी जेवताना म्हणाली. "गिरणी बंद करायची. मी मनोजला सांगते."

मनोजमामा कुंभिवलीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. तिथं गेटवर वॉचमनची जागा होती. दसऱ्यापर्यंत जागा राखतो, असं तो म्हणाला होता. खुर्ची, पंखा, सावली. बाबांना वाईट वाटलं की ते गिरणी उघडतात आणि दगडाला टाकी लावत बसतात, म्हणजे छिन्नी हातोडीनं दगडाचं गुळगुळीत झालेलं तोंड पुन्हा खरबरीत करतात. एरवी महिन्यातून एकदा टाकी लागते. त्या आठवड्यात तीनदा लागली.

मला ती टकटक ऐकवेना. मी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन आम्हाला शिकवतात, आणि नुकताच विंडो बनवायचा धडा सुरू झाला होता. मी बाबांच्या समोर जाऊन ओरडले, "लोकांनी हाकाच मारायच्या नाहीत. येतील, बटण दाबतील. तुझ्यासमोर पडद्यावर मोठ्या अक्षरात येईल, कुणाचं काय दळायचंय ते. तू झाकणं घालून नुसतं वाचायचं. कुणी मागून येणार नाही, कुणी थाप मारणार नाही."

"आन हे कोण करणार?" आईनं विचारलं.

"मी."

"तू? तुला कुकरच्या शिट्ट्या मोजायला येत नाय."

पण बाबांनी टाकी खाली ठेवली होती. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत करूं दे तिला. नाय जमलं तर मी मनोजच्या गेटवर बसतो." आई काही बोलली नाही. आई गप्प बसली म्हणजे हो, एवढं आम्हाला कळतं.

रविवारी सकाळी गिरणी बंद असते. मी लॅपटॉप पिठाच्या कट्ट्यावर ठेवला, त्याला आत्याच्या घरून आणलेला जुना मॉनिटर जोडला आणि पहिली विंडो लिहिली. तीन ओळी. धड्यात अगदी सोपं दिसत होतं. मी फाइल उघडली. काहीतरी चमकलं आणि गेलं. पुन्हा उघडली. चमकलं, गेलं. मी ते अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी मी उंदीर, म्हणजे माउस, आपटला आणि बाबा बघायला आले.

फिझाला फोन लावला. फिझा माझ्या वर्गात आहे, मशिदीच्या गल्लीत राहते, आणि माझ्यापेक्षा शांत डोक्याची आहे, ज्याचा मला कधी कधी राग येतो. ती म्हणाली, "शेवटी मेनलूप लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, की मी विंडो उघडायला सांगितलं, तिनं उघडली, आणि पुढं काही काम नाही म्हणून प्रोग्राम संपला, मग विंडोही गेली. तिला सांगावं लागतं की थांब, फिरत राहा, कुणी बटण दाबतंय का बघत राहा.

बाबांनी थोडा विचार केला. "म्हंजी मोटर बंद करायची नाय. दाणा नसला तरी पट्टा फिरत ठेवायचा. दाणा पडला की दळायचं."

"हो. तेच."

"मग यात कॉलेज कशाला लागतं?"

मी ती एक ओळ लिहिली. विंडो उघडली आणि राहिली. राखाडी, रिकामी, कोपऱ्यात नुसतं "टीके" लिहिलेली, कारण नाव दिलं नाही की ती स्वतःचं तेच नाव लावून घेते. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

"यात काय नाय," ते म्हणाले.

"येईल."

"येऊं दे सावकाश. उघडी तर ऱ्हायली."

पुढचे आठ दिवस मी कॉलेजातून आले की तेच करत होते. आधी विंडोचा आकार पडद्याएवढा केला. मग पांढऱ्यावर काळी, हाताच्या पंजाएवढी अक्षरं. मग प्रश्न आला बटणांचा. गिरणीत येणाऱ्या निम्म्या बायकांच्या हाताला पीठ, निम्म्यांना चष्मा नाही, आणि माउस धरणं म्हणजे बाजारातून जिवंत मासा धरून आणणं. मी माउसच काढून टाकला. एक जुना कीबोर्ड घेतला आणि पाच बटणांवर गोंदानं दाणे चिकटवले. एकावर तांदूळ, एकावर नाचणी, एकावर ज्वारी, एकावर गहू, एकावर हरभऱ्याची डाळ. भिंतीवर खिळ्याला पत्र्याचे नंबर ओवून ठेवले. यायचं, वरचा नंबर काढून आपल्या डब्यात टाकायचा, आपल्या दाण्याचं बटण दाबायचं. बाबांच्या समोर येणार: तीन नंबर, गहू. दळून झालं की बाबांनी मोठं लांबडं बटण दाबायचं, पुढचा नंबर वर येणार. जो आधी येईल त्याचं आधी. न्याय म्हणजे न्याय.

सोमवारी सुरू केलं आणि चाललं. खरोखर चाललं. चिंधीआजीनं स्वतःच्या बोटानं नाचणी दाबली आणि पडद्यावर "नाचणी" उमटल्यावर दोन वेळा बोट मागे पुढे करून बघितलं. बाबा पिवळी झाकणं घालून उभे होते आणि त्यांना कुणीही हात लावला नाही. आई दुपारी चहा घेऊन आली, दारात थांबली, सगळं बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. जाताना तिनं नंबरांचा खिळा थोडा खाली ठोकायला सांगितला, म्हणजे ठेंगण्या बायकांचा हात पोचेल. मला वाटलं, झालं. जिंकले. मी कॉलेजात दोघी तिघींना सांगूनही टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी फिझाची अम्मी आली. नसीबाभाभी. हातात कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फिझाच्या मोठ्या बहिणीला बघायला त्या दिवशी श्रीवर्धनहून पाहुणे आले होते, हे मला माहीत होतं. मी उठून विचारणारच होते, कसं झालं, तर त्यांनी कपडा कट्ट्यावर सोडला. आत तांदळाची भाकरी होती.

"रिया बेटा, मी भांडायला नाय आले," त्या म्हणाल्या. "पण ही बघ."

मी बघितली. मला भाकरीतलं फार कळत नाही, पण तांदळाची भाकरी पांढरी असते एवढं कळतं. ही पिवळट होती आणि मोडायला गेले तर मोडेना, चामड्यासारखी ताणली जात होती.

"चाळीस भाकऱ्या केल्या. पावण्यांनी खाल्ल्या, कोण काय बोललं नाय. चांगली माणसं हायत. पण आमच्या घरी भाकरी अशी नसते. बावीस वर्षं मी इथून पीठ नेते येसाजीभाऊंकडून, असं कदी झालं नाय."

बाबांनी झाकणं काढली, भाकरीचा तुकडा तोडला, वास घेतला आणि मान खाली घातली. "गव्हाच्या पाठी दळलंय, भाभी. चूक माझी."

"मी दोनदा बोलले तुमाला, तांदूळ आधी घ्या म्हणून. तुमच्या कानावर ते व्हतं." नसीबाभाभींनी झाकणांकडे बोट केलं. "मला वाटलं, नवीन कायदा झाला असंल."

त्या गेल्यावर मी बाबांकडे वळले आणि घरच्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "गव्हाच्या मागे तांदूळ टाकायचा नसतो, हे तुला माहीत होतं?"

"गिरणीवाल्याला नाय म्हाईत असणार? दगडात पीठ ऱ्हातं. एकच जोडी हाय आपल्याकडं. सकाळी दगड स्वच्छ असतो, तवा तांदूळ. मग नाचणी, ज्वारी. मग गहू. डाळ सगळ्यात शेवटी."

"मग टाकलासच कशाला?"

बाबा हाताला लागलेलं पीठ झाडत राहिले. "खिडकीत तसं लिवून आलं. दोन नंबर गहू, तीन नंबर तांदूळ. मला वाटलं, तू कॉलेजात शिकून केलंय, कायतरी कारण असंल त्याला."

मला जे वाटलं ते मी सरळ सांगते. मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाला झोपेत विचारलं तरी कुठल्या दाण्यामागे कुठला दाणा हे सांगता आलं असतं, त्यानं डोळ्यांसमोर चूक होताना बघितली आणि ती होऊ दिली, कारण ती माझी होती. आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. गिरणीवाल्याची मुलगी, त्या पिठावर वाढलेली, मी इंटरनेटवर रांग कशी लावायची याचे तीन व्हिडिओ बघितले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

शनिवारी कीबोर्डकडे कुणी फिरकलं नाही. चाळीस भाकऱ्यांची बातमी पनवेलपर्यंत नाही, पण भिसेगावभर नक्की पोचली होती. लोक पुन्हा दारातून ओरडू लागले, "येसाजी, तांदूळ हाय रं, तांदूळ." बाबांनी झाकणं काढून खुंटीला टांगली. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई त्यांना तीनदा जेवायला बोलावत होती आणि ते भिंतीकडे बघत बसले होते.

"मनोजला फोन करते," आई म्हणाली.

"दसरा गुरुवारी आहे," मी म्हटलं. "आज शनिवार."

"रिया."

"पाच दिवस आहेत, आई."

आईनं फोन केला नाही. पण तो हातातून खालीही ठेवला नाही.

रविवारचा सबंध दिवस मी बाबांच्या समोर वही घेऊन बसले. सोमवारी कॉलेज बुडवून सकाळी सातला गिरणीत कट्ट्यावर जाऊन बसले. बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवून. ते मला प्रोग्रामपेक्षा अवघड गेलं. दुपारपर्यंत कळलं, की मी ज्याला गोंधळ समजत होते तो गोंधळ नव्हताच. तांदूळवाल्या बायका सात ते नऊमध्येच येतात, कारण त्यांना माहीत असतं. कुणी गहू घेऊन पहाटे उभा राहिला तरी तो कट्ट्यावर बसतो आणि तांदूळवाल्यांना पुढे जाऊ देतो, त्याला कुणी सांगत नाही. एकदा गहू दगडात पडला, की तांदूळ त्या दिवशी नाही. आणि जिच्या कडेवर लेकरू असेल तिचं, तिच्या दाण्याची पाळी आली की, सगळ्यांच्या आधी. माझा न्याय आंधळा होता. इथला डोळे उघडे ठेवून होता.

मंगळवारी मी ते लिहिलं. प्रत्येक दाण्याला त्याचा क्रम दिला. रांग आता आधी दाण्यानं लागायची आणि दाण्याच्या आत जो आधी आला त्याच्यानं. नऊच्या आधी गहू सुरू होणार नाही, आणि एकदा सुरू झाला की तांदळाचं बटण दाबून नंबर लागणार नाही, पडद्यावर येईल: तांदूळ उद्या सकाळी. फक्त लेकरू कसं लिहायचं ते मला सुचेना.

"ते नको लिवू," बाबा म्हणाले. "ते मला दिसतं."

म्हणून बाबांच्या बाजूला एक बटण जास्तीचं ठेवलं. ते दाबत राहिलं की एकेक नंबर वर येतो, हवा तो आला की थांबायचं. बाबांनी त्याच्यावर काही चिकटवू दिलं नाही.

आणि विंडोला नाव दिलं. इतके दिवस कोपऱ्यात "टीके" होतं, आणि गजा टेंपोवाला मला विचारत होता की हे टीके कोण, नवीन भागीदार का. आता तिथं "येसाजीची गिरणी" असं आलं. बाबांनी ते वाचलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं मॉनिटरवरचं पीठ पुसलं.

बुधवारी सकाळी आठला गहूवाले दोघं आधीच बटण दाबून बसले होते. तेवढ्यात नसीबाभाभी आल्या, डोक्यावर डबा, मागे फिझा. मी त्यांना बोलावलं नव्हतं, माझी हिंमतच झाली नव्हती. फिझानं बोलावलं असेल असं वाटलं, पण भाभी म्हणाल्या, "त्यांनी चूक लगेच कबूल केली ना. मग पीठ दुसरीकडून कशाला आणू?" त्यांनी तिसरा नंबर काढला, डब्यात टाकला आणि तांदळाच्या दाण्यावर बोट ठेवलं.

पडद्यावर गव्हाचे दोन नंबर खाली सरकले आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत आलं: तीन, तांदूळ.

बाबांनी वाचलं. कानावर झाकणं होती. त्यांनी वळून भाभींचा डबा घेतला, दगडात काही उरलं असेल ते निघून जावं म्हणून मूठभर तांदूळ आधी दळून बाजूला टाकले आणि मग बाकीचे ओतले. पीठ यायला लागल्यावर भाभींनी चिमूट घेऊन बोटांत चोळलं, उजेडात धरलं आणि फिझाला दाखवलं. "आता बरोबर," त्या मला म्हणाल्या. गहूवाल्या दोघांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही नवल वाटलंच नव्हतं. असंच तर असतं.

साडेदहाला गजा तांदूळ घेऊन आला. त्यानं बटण दाबलं. पडद्यावर: तांदूळ उद्या सकाळी. त्यानं पुन्हा दाबलं. मग तो बाबांच्या समोर जाऊन, तो किती लांबून आलाय, त्याची बायको काय म्हणेल आणि उद्या सणाच्या दिवशी तो काय काय करणार होता, हे सगळं हातवारे करून सांगू लागला. बाबा त्याच्याकडे बघून अगदी प्रेमानं हसत होते. झाकणं चांगल्या कंपनीची आहेत. शेवटी गजा दमला, डबा कट्ट्यावर ठेवून म्हणाला, "ठेवतो हितंच, सकाळी पयला दळा," आणि गेला. बाबांनी मान हलवली.

दुपारी आई चहा घेऊन आली. मी कट्ट्यावर होते, बायकांच्या रांगेमागे, म्हणून तिला मी दिसले नाही. ती दारात उभी राहिली. आईनं बाबांना जन्मात नावानं हाक मारलेली नाही. "अवं" म्हणते, आणि गिरणीच्या आवाजात "अवं" कुठे ऐकू जाणार? म्हणून इतकी वर्षं ती दारात चहा घेऊन उभी राहायची आणि बाबा कधीतरी दाराकडे बघायचे. आता बाबांचे डोळे पडद्यावर होते. मी घड्याळ बघितलं नाही, पण चहावर साय आली तोवर ती तिथंच होती. मग पेला कट्ट्यावर ठेवताना तिनं मला बघितलं.

"सगळ्या गावाला वळकती तुझी खिडकी," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "मलाच नाय वळकत."

मला त्या चाळीस भाकऱ्यांपेक्षा हे जास्त लागलं.

बाबा जेवायला गेले तेव्हा मी लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांचं काम होतं. संध्याकाळी आईला हाताला धरून गिरणीत आणलं आणि कीबोर्डवरचं एक मोकळं बटण दाखवलं. "हे तुझं. यावर काय चिकटवू? चहाची पावडर?"

आईनं कपाळावरची टिकली काढली, बटणावर लावली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. पदराच्या गाठीत दुसरी असतेच तिच्याकडे, ती कपाळाला लावली.

"आन वर काय येणार?"

"तू सांग. 'आई आली'? 'चहा'?"

"काय नको लिवायला," ती म्हणाली. "त्यांना कळंल."

म्हणून मी अक्षरं लिहिलीच नाहीत. बटण दाबलं की पांढऱ्या विंडोच्या मधोमध एक लाल गोल येतो, बस्स.

दसऱ्याला सकाळी बाबांनी गिरणीची पूजा केली. दगडाला हळदकुंकू वाहिलं, मोटरला झेंडूचा हार घातला आणि मग थोडं थांबून मॉनिटरलाही एक फूल ठेवलं. गजाचा तांदूळ दळायचा होता, कबूल केल्याप्रमाणे, तेवढ्यासाठी गिरणी चालू केली. झाकणं कानावर. मी आपट्याची पानं नीट लावत दाराशी बसले होते. गजाचं पीठ बाहेर पडत होतं तेव्हा आई आली. एका हातात चहा, एका हातात फोन. तिनं मनोजमामाशी बोलून तो नुकताच बंद केला होता, पडद्यावर अजून त्याचं नाव होतं. माझ्या हातातली पानं उलटीसुलटी लागली.

आईनं टिकलीवर बोट ठेवलं.

बाबांच्या समोर लाल गोल आला. ते एक क्षण बघत राहिले. मग दाराकडे वळले, हात लांब करून मोटर बंद केली आणि दोन्ही हातांनी झाकणं कानावरून काढली. पट्टा फिरत फिरत थांबला. गिरणी एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती.

आई पुढे गेली, चहा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मनोजचा फोन व्हता. मी त्याला सांगितलं, दुसरा माणूस बग."

"बरं केलंस," बाबा म्हणाले, आणि चहा प्यायला लागले.

आई तशीच उभी राहिली. मग तिनं हळूच माझ्याकडे वळून बघितलं. ती ओरडली नव्हती, तरी बाबांना ऐकू गेलं होतं. घरात इतकी वर्षं कुणी बोललं नसेल इतक्या खालच्या आवाजात बोलली होती, आणि मी दाराशी बसले होते, मलाही ते जेमतेम ऐकू आलं होतं.